उन्हाळ्यातली साधी सुखं कशी भोगावीत

चैत्र लागला की दर मराठी घरात एका तरी माणसाला साधेपणाची उबळ येते. हा माणूस बहुधा पुरुष असतो, चाळिशी ओलांडलेला असतो, आणि एसी चोवीसवर ठेवून, सोफ्यावर पाय वर घेऊन तो म्हणतो, ‘‘लहानपणी काय उन्हाळे असायचे! पैसा नव्हता, पण सुख होतं.’’ हे वाक्य तुम्ही या मोसमात एकदा तरी उच्चारलं असेल तर अभिनंदन, तुमची प्रवेश परीक्षा झाली. पुढचा अभ्यासक्रम सोपा आहे. वयाची अट नाही, आणि अंगमेहनत जवळजवळ नाहीच.

आधी साहित्य जमवा. एक गच्ची, किल्लीसकट. एक बाल्कनी, जिची अजून खोली झालेली नाही अशी. एक आई किंवा सासूबाई. गुडघे शाबूत असतील तर उत्तम, नसतील तरी चालतं, कारण त्या ऐकत नाहीत. एक बायको, शक्यतो नोकरी करणारी, म्हणजे तिला रजा टाकता येते. शाळेला सुट्टी लागलेली दोन-तीन मुलं, आपलीच हवीत असं नाही. आणि एक दांडगी स्मरणशक्ती. ही शेवटची वस्तू तेवढी तुम्ही आणायची. बाकीचं सामान घरात असतंच.

पद्धतीचं मर्म एकदा समजून घ्या म्हणजे पुढे अडायला होणार नाही. कुठलंही सुख मुळात साधं नसतं. आपण स्वतः करायला घेतलं की ते काम होतं. दुसऱ्यानं केलं आणि आपण आयते पाटावर जाऊन बसलो की साधं सुख होतं. लहानपणी सगळंच साधं वाटायचं. तेव्हा तर आपल्याला पाटसुद्धा मांडावा लागत नव्हता.

१. माठापासून सुरुवात करा.

नवशिक्याला माठ सोयीचा. खर्च कमी आणि बोलायला विषय मोठा. ‘‘फ्रिजचं पाणी मला बाधतं’’ असं दोन दिवस आधीपासून घरात जाहीर करत राहा. मग कुंभाराकडे जा. माठावर टिचकी मारून कान जवळ न्या. आवाज खणखणीत आला तर मान हलवा, भद्द आला तरी मान हलवा. त्यानंतर तो माठ तिथंच ठेवून एखाद्या वातानुकूलित हस्तकलेच्या दुकानात शिरा आणि वारली चित्रं काढलेला, वरून चकचकीत वॉर्निश मारलेला, पितळी तोटीचा माठ घ्या. किंमत बघू नका. साधेपणा स्वस्त असता तर सगळ्यांनीच केला असता.

आता थोडं शास्त्र. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं आणि वाऱ्यावर उडून जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातलं नुसतं शंभर मिलिलिटर उडालं तरी हिशेबानं उरलेलं पाणी पाच-सहा अंशांनी उतरायला हवं. यासाठी माठाची छिद्रं उघडी लागतात, आणि तुमच्या वॉर्निशनं नेमकी तीच बुजवलेली आहेत. घाबरू नका. पाहुण्यांचं लक्ष वारली नाचाकडे वळवा आणि तेवढ्यात फ्रिजमधल्या दोन बाटल्या आत ओता. मुंबई-ठाण्याच्या वाचकांनी तर वॉर्निश नसलेल्या माठातही ओताव्यात. तिथली हवा आधीच इतकी ओली असते, की माठातलं पाणी बाहेर यायला तयार होत नाही.

नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या वाचकांनी मात्र अभ्यासक्रम इथंच सोडावा. सपाट प्रदेशात पारा चाळिशी गाठून नेहमीपेक्षा साडेचार अंश वर चढला की हवामान खातं उष्णतेची लाट आली म्हणतं. तुमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसला कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. तुम्हाला उन्हाळा सोसायचा असतो, आणि सोसणाऱ्या लोकांच्या तोंडून साधेपणाची कौतुकं यावीत तशी येत नाहीत.

माठात वाळ्याची जुडी सोडा. मोगऱ्याची दोन फुलं टाका. माठ घासणं, भरणं, तिवईखाली साचलेलं तळं पुसणं ही कामं या पुस्तिकेत दिलेली नाहीत, कारण ती आपोआप होतात. तुमच्या लहानपणीही ती आपोआपच होत होती, आठवून बघा.

२. आंबा ‘आपल्या माणसा’कडून घ्या.

बाजारातून आंबा आणणं हा खरेदीचा प्रकार झाला, त्यात सुख नाही. पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक घराचा कोकणात एक माणूस असतो. त्याची देवगडला स्वतःची बाग असते. तो औषध मारत नाही. तो फक्त ओळखीच्यांनाच देतो, आणि त्याच्या ओळखी साधारण अर्ध्या कोथरूडएवढ्या असतात. बागेत कलमं किती, हे त्याला विचारू नये. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. हे वाक्य पाठ करून ठेवा, पेटी उघडताना म्हणायला बरं पडतं. पेटीत आंब्याखाली कानडी वर्तमानपत्र निघालं तर ते गुपचूप घडी करून रद्दीत टाका. कोणी पाहिलंच तर बागाईतदार बहुभाषिक आहेत असं सांगा.

मग फळ हातात घ्या. देठाशी नाक न्या. डोळे मिटा. सगळं घर गप्प होईपर्यंत थांबा आणि म्हणा, ‘‘अजून दोन दिवस.’’ एवढ्यावर माणूस आंब्यातला जाणकार ठरतो.

कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा घरी आढी लावण्याचा आग्रह धरा. पेंढा आणायला मुलाला पाठवा. तो रिकाम्या हातानं येईल. मग ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंच्या खोक्यांतले कागदाचे कपटे वापरा. आढी पलंगाखाली लावावी. रोज कुणीतरी गुडघे टेकून, वाकून, फळं खालीवर करायची असतात आणि डागाळलेलं फळ वेळेवर बाजूला काढायचं असतं, नाहीतर त्याच्यापायी शेजारची चार जातात. तुम्ही पलंगावर झोपा. आढीला ऊब लागते.

कापल्यावर आतून साका निघाला, म्हणजे गराच्या मध्यावर पांढरट, पोकळ, बेचव असा डाग, तर नाउमेद होऊ नका. साका हे हापूसचंच दुखणं आहे आणि बाहेरून त्याचा पत्ता कुणालाही लागत नाही. ‘‘मी म्हणालोच होतो’’ असं म्हणून दुसरी फोड उचला. काय म्हणाला होतात, हे कुणी विचारत नाही.

३. रस-पुरी.

आढीतला सगळा आंबा एकाच दिवशी पिकतो. तो दिवस मधल्या वारचा असतो आणि बायकोची त्या दिवशी मीटिंग असते. रस आजच व्हायला हवा हे हॉलमधून सांगा. रस हातानं पिळलेला हवा, मिक्सरनं मजा जाते, हेही तिथूनच सांगा. खरा रस पायरीचा, हापूस कापून खायचा, हे मात्र सगळा हापूस पिळून झाल्यावर सांगा. आधी सांगितलं तर पायरी आणायला तुम्हालाच पिटाळतील.

पुऱ्या. बाहेर पारा अडतीसवर, कढईतलं तेल एकशे ऐंशीच्या आसपास, आणि स्वयंपाकघरातला पंखा बंद, कारण पंख्यानं गॅस फडफडतो. अशा वेळी स्वयंपाकघरातल्या व्यक्तीबद्दल तुम्हाला सहानुभूती वाटू शकते. तसं वाटलं तर दाबून ठेवू नका. उठा, दारापर्यंत जा, ‘‘बापरे, काय उकडतंय इथं!’’ म्हणा आणि परत येऊन बसा. पुरी फुगलेली आणि गरमच मागा. रसात तूप आणि मिरपूड घालायला विसरू नका, रस बाधतो.

तळणारी जेवायला बसेल तेव्हा पातेल्यात रस किती उरला आहे हे वाकून बघण्याचं कारण नाही. कोयी असतातच, आणि कोयीला बराच गर असतो. कोय चोखण्याची मजा काही औरच, असं तिला पाणी पिता पिता सांगा.

४. चैत्रगौरीचं हळदीकुंकू.

समारंभ बायकांचा, पण पन्ह्याला आणि आंबेडाळीला असला काही भेद कळत नाही. ऑफिसातून साडेसहाच्या सुमाराला या. त्याआधी आलात तर सतरंज्या घालायला लागतील, आणि आठनंतर डाळीची फक्त फोडणी शिल्लक असते.

५. वाळवण.

इथून अभ्यासक्रम जरा कठीण होतो. तुमच्यासाठी नाही, पण कठीण होतो.

एखाद्या निवांत संध्याकाळी, आई आणि बायको दोघी ऐकत असताना, एवढंच म्हणा, ‘‘विकतच्या कुरडयांना ती चव नाही.’’ आणि वर्तमानपत्र वर धरा. तुमचं काम झालं. यापुढे जे घडतं ते केवळ माहितीसाठी देतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज न चुकता पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटायचे, पिळून पिळून चोथा काढायचा, उरलेलं दुधासारखं पाणी रात्रभर निवळू द्यायचं. पहाटे वरचं पाणी हलक्या हातानं ओतून टाकलं की तळाशी सत्त्व राहतं. ते मीठ-हिंगाच्या आधणात धार धरून ओतायचं आणि हात न थांबवता घोटायचं, कारण एक गुठळी झाली की चार दिवस पाण्यात. शिजलेला चीक गरम असतानाच गच्चीवर न्यायचा. निवला की सोऱ्या दाबता दाबता मनगट धरतं. आणि हे सारं उन्हं चढायच्या आत, कारण नंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. तोपर्यंत तुम्ही उठलेलेच नसता.

पण त्या दिवशी उठा. हा या अभ्यासक्रमातला एकमेव लवकर उठण्याचा दिवस. सहा-सव्वासहाला वाटी घेऊन ओट्यापाशी हजर व्हा आणि दूध-साखर घालून गरम चीक मागा. ‘‘चवीपुरता’’ म्हणा. मग पुन्हा एकदा चवीपुरता म्हणा. चीक खाणं हीच वाळवणातली तुमची जबाबदारी आहे, ती मनापासून पार पाडा आणि पुन्हा आडवे व्हा.

राखणीला मुलं बसवा. छत्री, काठी आणि पाण्याची बाटली एवढं सामान पुरे. मजुरी म्हणून अर्धवट वाळलेल्या साबुदाण्याच्या पापड्या देता येतात. बाराच्या सुमाराला मजुरी मालापेक्षा जास्त झाल्याचं लक्षात येतं. तो तोटा कावळ्यांच्या नावावर टाका. कावळ्यांनी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही.

उडदाच्या पापडांना चार शेजारणी लागतात, आणि इथं एक गंभीर इशारा देणं भाग आहे. १९५९ साली गिरगावात सात बायका अशाच एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते आणि लाटलेले पापड घरच्यांना वाढण्याऐवजी त्यांनी विकले. त्यातून लिज्जत उभी राहिली, आणि पापड लाटणं हे पैसे मिळवून देणारं काम आहे ही गोष्ट एकदाची जगजाहीर झाली. साध्या सुखाच्या इतिहासातला हा मोठाच धक्का. तेव्हा लाट्या करायला बसलेल्या बायकांच्या आसपास कागद, पेन्सिल, किंवा कॅल्क्युलेटर असलेला फोन राहू देऊ नका. विषय निघालाच तर पापडखार जरा कमी पडलाय का असं विचारा. त्या तुमच्यावर चिडतील आणि हिशेब विसरतील.

गच्चीभर पसरलेल्या वाळवणाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. खाली लिहा : ‘आमच्याकडे परंपरा अजून टिकून आहे.’ फोटोत बांगड्यांचे हात आले तर छान दिसतात. चेहरे घेऊ नका, घामानं फोटो बिघडतो.

६. दुपारची झोप.

यासाठी मार्गदर्शनाची गरज पडल्याचं आमच्या पाहण्यात नाही. मुलं शेजारच्या खोलीत झब्बू खेळत असतील आणि आवाज करत असतील तर एकदाच ओरडा, आणि नंतर संध्याकाळी, हल्लीची मुलं मोबाइल सोडून पत्ते खेळत नाहीत, अशी खंत व्यक्त करा.

७. पॉटचं आइस्क्रीम.

या प्रकारात पुरुषांना प्रत्यक्ष काम आहे, म्हणून तो त्यांना फार आवडतो. लाकडी बादली, मधे पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या बऱ्याच खाली जातो. प्रमाण अगदी नेमकं जमलं तर उणे एकवीसपर्यंत. हे मुलांना हातवारे करून समजावून द्या. हॅंडल फिरवून आइस्क्रीम करण्याच्या यंत्राचं पेटंट १८४३ साली नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईंनी घेतलं, हेही सांगा. दूध तासभर ढवळत कुणी आटवलं, ते सांगायची गरज नाही.

खरी युक्ती हॅंडलमध्ये आहे. सुरुवातीला आतलं दूध पातळ असतं आणि हॅंडल अगदी हलकं फिरतं. हा तुमचा काळ. बाह्या सरसावा, गोणपाटावर पाय रोवा, फोटो काढून घ्या, ‘‘आमच्या वेळी आम्ही दोन-दोन तास फिरवायचो’’ असं सांगा. जसजसं घट्ट होईल तसतसं हॅंडल जड होतं. मनगटाला पहिली कळ लागली की बाजूला व्हा आणि जवळच्या भाच्याला म्हणा, ‘‘ये, तुलाही आनंद घेऊ दे.’’ भाचा दमला की दुसरा भाचा. शेवटी ज्याला हॅंडल हलतच नाही तो झालं म्हणून ओरडतो. तेव्हा पुन्हा पुढे या आणि झाकण तुम्ही उघडा.

डब्यात मिठाचं पाणी शिरलं असेल तर पहिल्या चमच्याला कळतं. चेहरा बदलू देऊ नका. ‘‘हल्ली सॉल्टेड कॅरमल फार चालतं’’ एवढं म्हणून पुढच्या माणसाकडे वाटी सरकवा.

८. बाग.

बाल्कनीतल्या पाच कुंड्यांना बाग म्हणा, तीनला ‘आमची छोटीशी बाग’ म्हणा. उन्हाळ्यातलं बागेचं सुख म्हणजे मोगरा, आणि मोगऱ्याचं काम जानेवारी-फेब्रुवारीतच संपलेलं असावं लागतं. थंडी ओसरता ओसरता त्याचं पाणी तोडायचं, पानं ओरबाडायची, फांद्या छाटायच्या, मग माती उकरून शेणखत आणि पुन्हा पाणी, आणि सहा तास कडक ऊन. असं निर्दयपणे वागवलं की तो मार्चपासून फुलतो. तुम्ही त्याला वर्षभर प्रेमानं सावलीत ठेवून रोज तांब्याभर पाणी घातलेलं असतं, म्हणून त्याला नुसती हिरवीगार पानं आहेत. हरकत नाही. सिग्नलवर पाच-सहा गजरे घ्या, सोडवून फुलं चांदीच्या वाटीत घाला आणि वाटी कुंडीशेजारी ठेवा. खोटं काहीच बोलायचं नाही. लोक आपोआप चुकीचा समज करून घेतात.

गावाला जाताना कुंड्यांसाठी घराची किल्ली शेजारच्या काकूंना द्या. त्या त्यांच्या बावीस कुंड्यांबरोबर तुमच्या तीनही जगवतात. येताना त्यांच्यासाठी आमसुलं आणा आणि देताना, ‘‘तुळस जरा सुकलेली वाटतेय’’ असं म्हणा.

९. गच्चीवर झोपणं.

साध्या सुखांतलं हे सर्वांत अवघड, कारण यात तुम्हाला प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. गच्चीची किल्ली वॉचमनकाकांकडे असते. ते सकाळपासून पत्र्याच्या केबिनमध्ये बसलेले असतात, तेव्हा उन्हाळ्यातल्या आनंदाबद्दल त्यांचं मत विचारू नका. ग्लासभर कोकम सरबत द्या, किल्ली घ्या, आणि ग्लास परत आणून द्यायला सांगा.

सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते परत करत राहतो. म्हणून संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं असतं. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते. बादल्या वर नेण्यासाठी मुलांमध्ये स्पर्धा लावा. टाकीचा नळ वरच असला तर सोपं, फक्त त्या पाण्यात तेव्हा चहा होतो. गाद्या, चादरी, उशा, मच्छरदाणी, मच्छरदाणी बांधायला काठ्या, तांब्या-भांडं, विजेरी आणि उदबत्ती वर गेल्यावर तुम्ही रिकाम्या हातानं वर जा आणि म्हणा, ‘‘बघा, काय लागतं माणसाला? एक चटई!’’

मग आडवं होऊन नक्षत्रं दाखवा. एप्रिल-मेमध्ये नऊच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेकडे चांगलेच वर आलेले असतात. त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांमधली रेघ तशीच लांबवली की ध्रुव सापडतो. शहरात समोरच्या टॉवरच्या दिव्यांमुळे सातातले दोनच दिसतात. बाकीचे पाच तुम्ही बोटानं काढा. एखादा हलायला लागला तर उपग्रह म्हणा.

साडेदहाला डास येतात. अकराला खालच्या मजल्यावरचे जोशी शतपावलीला येतात आणि देखभाल खर्चाबद्दल बोलतात. बाराला तुमची पाठ बोलू लागते. साडेबाराला, कुणाला जाग येणार नाही अशा बेतानं, फक्त आपली उशी घेऊन खाली उतरा आणि एसी लावा. सकाळी साडेपाचला पुन्हा वर जा. तीही झोप मोडायची नसेल तर चहाच्या वेळी नुसतं सांगा, ‘‘पहाटेचा वारा काय सुंदर होता.’’ जे रात्रभर वर होते ते डास मारून इतके थकलेले असतात, की कोणी हरकत घेत नाही. गाद्या खाली आणायच्या असतात.

१०. वळीव.

सगळ्या सुखांचा राजा, आणि याला तयारी शून्य. दुपारी चार-साडेचारला आभाळ भरून येतं, धूळ उठते, दारं आपटतात आणि टपोरे थेंब पडायला लागतात. लगेच बाल्कनीत या. हात पसरा. कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडल्यावर जो वास येतो त्याला १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं, आणि कनौजला तर मातीच्या वासाचं अत्तर काढतात. छाती भरून वास घ्या, डोळे मिटा, लहानपणी गारा वेचायचो त्याची आठवण मोठ्यानं काढा.

या वेळी जिन्यावरून धावण्याचे आवाज येतील. वर वाळवण आहे. तुम्ही धावायचं नाही, विजा चमकत असताना गच्चीवर जाणं धोक्याचं असतं आणि घरात एक तरी कमावता माणूस धडधाकट राहायला हवा. खालूनच सूचना देत राहा : आधी कुरडया घ्या, मग सांडगे, साडी चारी टोकांनी धरा, ओढू नका, पापड मोडतील. एवढ्या पावसात कांदाभजी हवीतच, पण ते आत्ताच ओरडून सांगून ठेवा. म्हणजे त्या भिजून खाली उतरल्या की केस पुसत बसण्यात वेळ जाणार नाही, लगेच कांदा चिरायला घेता येईल.